खिळलेला कॅमेरा

मराठी मूकपटात विनोद नव्हताच, होती ती नुसती पुराणं, असं कुणी ठोकून दिलं की वडूजच्या माणसाला तरी ते खटकायला हवं. जवळच्या पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत नारळ वाढवून झाला की माणूस सोंगाड्याला हसायला मोकळा होतो. दोन्हींत त्याला विसंगती दिसत नाही. दादासाहेब फाळक्यांचा प्रेक्षक याच जातकुळीचा. 'राजा हरिश्चंद्र' सगळ्यांना पाठ आहे. 'मोहिनी भस्मासुर'च्या जोडीला त्यांनी 'पिठाचे पंजे' नावाचं छोटंसं प्रहसनही दाखवलं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

विनोद नव्हताच म्हणणाऱ्या समीक्षकाचा रोख असतो कॅमेऱ्यावर. तो एका जागी खिळलेला, नट तोंड समोर करून उभे, म्हणजे हे नाटकच. त्यात विनोद रंगणार कसा? पण फाळके जादूचे प्रयोग करणारे होते. पडद्यावर वस्तू नाहीशी करायची तर कॅमेऱ्याचं हँडल थांबवायचं, नटांनी आहेत तसं गोठायचं, वस्तू उचलायची, हँडल पुन्हा फिरवायचं. तिकाटणं बोटभर सरकलं तरी चलाखी उघडी पडणार. 'शरलॉक ज्युनियर'मध्ये (१९२४) बस्टर कीटन एका दृश्यातून दुसऱ्यात नेमका पडावा म्हणून जमीनमोजणीची उपकरणं वापरली गेली. त्याला कुणी नाटकी म्हणत नाही. कीटनचा कॅमेरा इतर वेळी हलतो, हे खरंच. फाळक्यांचा फारसा हलत नाही, आणि पाठलागाची धमाल त्यांच्याकडे मागण्यात अर्थ नाही.

पण चलाखी साधली म्हणजे हसू आलंच असं नाही: चमत्कारापुढे माणूस हात जोडतो, गमतीत तो सामील होतो. 'कालिया मर्दन'च्या (१९१९) सुरुवातीला फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणून दाखवते आणि मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. जादूगार आधी रिकामी टोपी दाखवतो, तसंच हे. ही माझी पोर, आता हिला देव माना! प्रेक्षक मानतोही, नंतर हीच पोर लोणी चोरते तेव्हा तो हसतो आणि कालियाच्या फण्यावर उभी राहते तेव्हा हात जोडतो. ('लंका दहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंके या एकाच नटाने केले होते. दणकट दंडांच्या त्या सीतेलाही लोकांनी मानलंच.)

इथवर आल्यावर 'पिठाचे पंजे' आज सहजासहजी पाहायला मिळत नाही याची हळहळ मला पूर्वीइतकी वाटत नाही. देवाला वगळून केलेलं प्रहसन दुसऱ्या कुणालाही जमलं असतं. फाळक्यांनी विनोद वेगळा काढून जोडीला लावला, तेव्हा ते बहुधा समीक्षकाचंच ऐकत होते: भक्ती एकीकडे, हसू दुसरीकडे. 'कालिया मर्दन'मध्ये त्यांनी ते ऐकलं नाही.