पाहणे आणि राखणे

पहारा खडकीकरांना नवा नाही. १८६९ साली सुरू झालेला दारूगोळा कारखाना, लष्कराच्या भिंती, फाटकावर ओळखपत्र दाखवण्याची सवय आणि छायाचित्रणास मनाई करणारे फलक यांच्या सान्निध्यात येथील पिढ्या वाढल्या. मध्यंतरी येथील एका लहानशा संस्थेच्या आवारात सुरक्षा कॅमेरे बसवण्याचे ठरले आणि सल्ल्यासाठी आम्हांला बोलावणे आले. प्रार्थनामंदिरातील दानपेटी फुटली होती. पुरावा काहीच नव्हता. तरी संशयाची बोटे झाडलोट करणाऱ्या बाईंकडे वळली होती, आणि खरे सांगायचे तर आमच्याही मनाला तो संशय शिवून गेला होता.

आराखडा करणारा तरुण आला. ‘सगळीकडे लावा,’ असे समितीने सांगितले. त्याने विचारले, ‘फादर, तुम्हांला नेमके काय पाहायचे आहे?’ आम्ही निरुत्तर झालो.

मग त्याने हिशेब समजावला. चित्र ठिपक्यांचे बनते. अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखायचा तर दृश्याच्या दर मीटर रुंदीला सुमारे २५० ठिपके हवेत. कोणीतरी आहे, एवढेच कळायला २५ पुरतात. साध्या दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्याचे चित्र १९२० ठिपके रुंद असते. म्हणजे जेमतेम साडेसात मीटर रुंदीपर्यंतच चेहरा ओळखता येतो. सारे आवार एकाच चौकटीत कोंबले, तर दिसतात सगळे, पण ओळखू येत नाही कोणीच. म्हणून कॅमेरा अरुंद फाटकावर हवा, फार उंच नको आणि त्याचे तोंड उन्हाकडे नको.

तंत्राने सांगितलेली ही मर्यादा नीतीलाही मान्य व्हावी अशीच आहे. पाहण्याला हेतू हवा आणि हेतूला सीमा हवी.

‘ज्याच्या मनात पाप नाही त्याने कॅमेऱ्याला का भ्यावे?’ असे एका सदस्याने विचारले. प्रश्न बिनतोड वाटतो. परंतु ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेत पापनिवेदनाची जागा उघड्यावर असावी आणि धर्मगुरू व निवेदक यांच्यामध्ये पक्की जाळी असावी, असा दंडक आहे. जागा सर्वांना दिसावी, चेहरा मात्र झाकलेला राहावा. लपण्याची गरज केवळ गुन्हेगाराला नसते. रडणाऱ्याला असते, थकलेल्याला असते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीही खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला.

म्हणून कॅमेरा नकोच, असेही आम्ही म्हणणार नाही. २०१० साली कोरेगाव पार्कमधील बॉम्बस्फोटात १७ जीव गेले. २०१२ साली जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाले. त्यानंतर पुण्यात चौकाचौकांत कॅमेरे आले. दुर्बलांचे रक्षण करणे हेही प्रेमाचेच कर्तव्य होय.

अखेर आम्ही त्या बाईंनाच विचारले. त्या म्हणाल्या, ‘पेटीवर लावा फादर, म्हणजे माझ्यावर आळ येणार नाही. पण आम्ही डबा खातो त्या बाकावर नको.’ अवघा आराखडा या दोन वाक्यांत होता. उत्पत्तीच्या पुस्तकात रानात पळालेली दासी हागार देवाला ‘मला पाहणारा’ म्हणून ओळखते. त्या पाहण्यात पाळत नव्हती, विचारपूस होती. आम्ही मात्र बाईंवर नजर ठेवण्याचा विचार आधी केला आणि त्यांची विचारपूस सर्वांत शेवटी.

एक कॅमेरा फाटकावर आणि एक दानपेटीवर बसवायचे ठरले. पापनिवेदनाच्या जागेवर आणि बाकावर एकही नाही. येणाऱ्यास कळावे म्हणून फलक लावायचा. चित्रण पंधरा दिवसांनी पुसले जाईल आणि ते पाहायचे झाल्यास दोघांनी मिळून पाहायचे.

एक काम मात्र कोणत्याही यंत्राकडून होणारे नव्हते. मागच्या संशयाबद्दल बाईंची क्षमा मागायची होती. ती समितीने मागितली, आणि आम्हीही मागितली.