शब्द ओळखतो कोण?

‘टाळ’ हा शब्द कानी पडताना ‘ट’ विरल्यावर ‘ळ’ येतो. मग अख्खा शब्द ऐकला केव्हा? मीमांसक शबरस्वामींच्या मते आधीच्या वर्णांचे संस्कार आणि शेवटचा वर्ण मिळून अर्थ कळवतात. वैयाकरण भर्तृहरी म्हणतो, ध्वनी केवळ व्यंजक. उमगतो तो अखंड स्फोट, म्हणजे अविभाज्य शब्द. मीमांसक कुमारिलाने स्फोट नाकारला.

याच प्रश्नावर आजचे मानसभाषाविज्ञान ऐकणाऱ्याच्या शब्दसाठ्याकडे बोट दाखवते. प्रौढाच्या मनात टाळ, माळ, बाळ, डाळ, गाळ एकमेकांशी झुंजतात, म्हणून ओळख किंचित रेंगाळते; ‘विठ्ठल’ला असा शेजार जवळपास नाही. वारंवार ऐकलेला, लहानपणी शिकलेला शब्द लवकर सापडतो. सांगलीत हळदीची मोठी पेठ, तेव्हा तिथे ‘हळ’ एवढ्यावरही ‘हळद’ मनात यावी, ‘हळू’ मागे पडावे. बालकाकडे शब्द थोडे, त्यामुळे ढोबळ ध्वनिचित्रही पुरते, असे एक मत. साठा वाढला की ‘ट’ आणि ‘ड’ काटेकोर वेगळे ठेवावे लागतात. अर्थ न कळता हरिपाठ म्हणणारे लोणंद-फलटणचे पोर आधी संस्कारच साठवत असते. इथे शबरांचे पारडे जड वाटते, पण शब्द पुष्कळदा संपण्याआधीच उमगतो, हे ‘अंत्य वर्णा’ला अडचणीचेच.