समुद्राने आणून सोडलेली माणसे



थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर पाण्यात दोन बेटे दिसतात. जवळचे ठेंगणे ते उंदेरी आणि मागचे, दीपगृहाचे, ते खांदेरी. आपल्या धर्मग्रामातील काही जणांचे वाडवडील त्यांच्या आसपास जाळी टाकत आले. वेताळाच्या जत्रेला तिकडे होड्या कशा जातात, हेही आपल्याला ठाऊक आहे. शाळेत आपण खांदेरीचा एकच धडा शिकलो, तो लढाईचा. १६७९च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारी त्या खडकावर उतरला आणि त्याने तट बांधायला घेतला. इंग्रजांनी मुंबईहून जहाजे आणून त्याला अडवू पाहिले. मोठी जहाजे भरसमुद्रात डोलत राहिली आणि आपल्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात दगड, चुना, धान्य पोहोचवत राहिल्या. इंग्रज शेवटी माघारी गेले. जानेवारी १६८०मध्ये सिद्दीने उंदेरी धरले आणि मग ही दोन बेटे कित्येक वर्षे एकमेकांवर तोफा डागत बसली. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले, त्यांत खांदेरी आहे. याचा आपल्याला अभिमान वाटणे साहजिक आहे.

पण आज आम्हांला याच पाण्यातली दुसरी, पुष्कळ जुनी गोष्ट सांगायची आहे. तिच्यात तोफा नाहीत. तिच्यात बुडालेली माणसे आहेत आणि त्यांना पुरणारी माणसे आहेत.

बेने इस्राएल लोकांच्या परंपरेनुसार, दोन हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज छळाला कंटाळून आपला देश सोडून गलबताने निघाले. चौल हे तेव्हाचे मोठे बंदर. तिकडे जात असताना खांदेरी-उंदेरीजवळ गलबत खडकावर आपटून फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढीच माणसे पोहत नवगावच्या किनाऱ्याला लागली. बाकीच्यांची प्रेते लाटांनी आणून टाकली. ती तिथेच दोन उंचवट्यांखाली पुरली, एकात पुरुष, एकात स्त्रिया. आज नवगावला त्या ठिकाणी स्मारक उभे आहे. साल नेमके कोणते यावर विद्वानांचे एकमत नाही आणि आम्हीही त्या वादात शिरत नाही. एवढे मात्र खरे की या समाजाच्या रक्ताचा अभ्यास अलीकडे शास्त्रज्ञांनी केला, तेव्हा त्यात पश्चिम आशियातील ज्यू पूर्वजांचा अंश आणि इथल्या मातीतला अंश असे दोन्ही सापडले.

त्या चौदा जणांची धर्मपुस्तके समुद्राच्या तळाशी गेली होती. इथली भाषा त्यांना येत नव्हती. त्यांच्याजवळ राहिले ते एवढेच: देव एक आहे असे सांगणारी प्रार्थना, मुलांची सुंता आणि शनिवारची विश्रांती. ते घाण्यावर तेल काढू लागले. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिले ‘शनवार तेली’. या नावात हेटाळणी नाही, नुसती नोंद आहे. तुमचा दिवस वेगळा आहे हे आमच्या लक्षात आले आहे, बस्स. पुढे ते ज्या ज्या गावात राहिले त्या गावाला ‘कर’ जोडून आडनावे आली. किहीमकर, नवगावकर, पेझारकर, रोहेकर, चेऊलकर. माणसाला गावाचे नाव लावायला मिळणे म्हणजे काय असते, हे ज्याला ते मिळत नाही त्यालाच विचारावे.

पुष्कळ पिढ्यांनी डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू इथे आला. हे लोक खरेच आपले भाऊबंद आहेत का, हे त्याला पाहायचे होते. त्यांची परंपरा सांगते की त्याने बायकांना रांधायला मासे दिले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, एकत्र करून. बायकांनी बिनखवल्यांचे बाजूला काढले. आम्ही हे खात नाही, म्हणाल्या. रहाबीची खात्री पटली. पुस्तके बुडाली होती, पण नियमशास्त्र चुलीजवळ टिकले होते. आम्हांला ही गोष्ट फार आवडते, कारण आमचेही पहिले धर्मशिक्षण आईच्या स्वयंपाकघरात झाले, सेमिनरीत नव्हे.

अलिबागजवळच्या खंडाळ्याला एक खडक आहे. एलिया प्रवक्ता अग्निरथातून स्वर्गात जाताना त्याचा रथ त्या खडकाला टेकला, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा आहे. आजही ते एलियाच्या नावाने मलिदा करतात. गोड पोहे, वर खोबरे, फळे. जगातला दुसरा कोणताही ज्यू समाज एलियाला पोहे वाहत नसेल! आपण हसू नये. कोरलईचे आपल्या बांधवांचे चर्च कार्मेल पर्वताच्या मातेचे आहे आणि कार्मेल हा त्याच एलियाचा पर्वत. चौलच्या खाडीच्या दोन बाजूंना एकाच प्रवक्त्याची आठवण दोन धर्म जपत आहेत.

आता याच्याच जोडीला दुसरे बेट ठेवू या. इ. स. ६०च्या सुमारास संत पॉलला कैदी म्हणून रोमला नेत होते. वादळात चौदा रात्री भरकटल्यावर जहाज एका बेटाजवळ वाळूत रुतून फुटले. जहाजावर २७६ माणसे होती. कैदी पळून जातील म्हणून शिपाई त्यांना मारून टाकणार होते, शताधिपतीने अडवले. कोणी पोहत, कोणी फळ्या धरून, सगळे किनाऱ्याला लागले. ते बेट म्हणजे भूमध्य समुद्रातले माल्टा. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचे शेवटचे दोन अध्याय घरी काढून वाचा. संत लूक त्या बेटवासीयांना ग्रीक भाषेत जो शब्द वापरतो त्याचा अर्थ आहे आपली भाषा न बोलणारे, रानटी. आणि लगेच पुढे त्यांनी कमालीची माणुसकी दाखवली असे लिहितो. पाऊस पडत होता, थंडी होती, त्यांनी शेकोटी पेटवली आणि सगळ्यांना जवळ घेतले. सगळ्यांना, म्हणजे कैद्यांनाही. आधी नावगाव विचारले, असे लूक लिहीत नाही.

पॉलच्या हाताला साप डसला तेव्हा मात्र तेच लोक कुजबुजले, हा नक्की खुनी असावा. पॉलला काही झाले नाही, तेव्हा म्हणाले, हा देव असावा. दोन्ही चूकच! परक्या माणसाविषयी आपले असेच होते. तो एक तर गुन्हेगार नाही तर देवदूत. पण तो थंडीने गारठलेला एक माणूस आहे, हे त्या बेटवासीयांना शेकोटी पेटवताना बरोबर कळले होते.

त्या जहाजफुटीचा सण माल्टात १० फेब्रुवारीला होतो. पुढे ८७०पासून दोनशेहून अधिक वर्षे तिथे मुसलमानांचे राज्य होते. आज माल्टा कट्टर कॅथोलिक आहे, पण तिथली भाषा अरबी कुळातली आहे. तिथले कॅथोलिक मिस्सेत देवाला ‘अल्ला’ म्हणतात आणि आपल्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाला ‘रांदान’ म्हणतात, जो शब्द रमजानचा भाऊ आहे. आम्ही हे एकदा प्रवचनात सांगितले होते, तेव्हा एक ज्येष्ठ गृहस्थ नंतर सॅक्रिस्टीत येऊन ‘फादर, असले सांगू नका’ म्हणाले. त्यांच्याविषयी आदर बाळगून आम्ही ते आज पुन्हा सांगत आहोत. आपल्या कोरलईत तरी काय आहे? १७४०मध्ये पोर्तुगीज चौल सोडून गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या लोकांनी पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातली ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, आजवर घरात बोलून टिकवली. हजारभर माणसांची भाषा! गावात कोणी त्यांना ती सोडा म्हटले नाही.

आणि एक गोष्ट लपवून चालणार नाही. १५६०मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले. ते १८१२पर्यंत चालले आणि चौलही त्याच्या कक्षेत होते. ज्यूंना आणि ज्यूंच्या संशयितांना त्यात काय भोगावे लागले, हे इतिहासात नोंदलेले आहे. नवगावच्या कोळी-आगऱ्यांनी ज्यांना दोन हजार वर्षे शेजारी मानले, त्यांच्याच धर्माच्या माणसांना आपल्या वेदीच्या नावाने छळले गेले. ख्रिस्तसभेने ज्यू बांधवांविषयीची आपली शिकवण स्पष्ट शब्दांत मांडली, ती १९६५ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. १९४८नंतर इथले बहुतेक बेने इस्राएल इस्राएलला गेले. अलिबागच्या इस्राएल आळीत सिनगॉग उभे आहे, घरे मात्र मोजकी उरली आहेत. ‘आम्हांला या देशात कोणी छळले नाही’ हे त्यांच्या समाजाचे म्हणणे जगभर ठाऊक आहे. त्या वाक्याचे श्रेय आपल्या किनाऱ्याला आहे. आपल्या चर्चला किती आहे, याचा विचार आम्ही करीत असतो.

हे सारे आजच का लिहावेसे वाटले, ते आता सांगतो. ऑगस्टच्या शेवटी काय घडले ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना अर्धवट माहीत आहे, आणि अर्धवट माहितीवर गावात बोलणे चालू आहे.

त्या शुक्रवारी संध्याकाळी भर पावसात चार तरुण धर्मगुरू-निवासाच्या ओट्यावर येऊन उभे राहिले. झारखंडचे, बोटीवर खलाशी म्हणून आलेले. त्यांचा पाचवा सोबती तापाने गेला होता. वय सव्वीस. तो कॅथोलिक आहे, त्याला आपल्या सिमेटरीत जागा द्या, एवढे त्यांचे मागणे. शव रुग्णवाहिकेत, रुग्णवाहिका फाटकाबाहेर.

आम्ही त्यांना काय विचारले? बाप्तिस्म्याचा दाखला आहे का. तिथल्या फादरांचे पत्र आहे का. आपल्या धर्मग्रामात नोंद आहे का. नियमाने हे प्रश्न चुकीचे नव्हते. मग आम्ही परिषदेच्या दोघा-तिघांना फोन लावले. सिमेटरी लहान आहे, जागा घराण्यांच्या ओळींत वाटलेल्या आहेत, उद्या आणखी कोणी आले तर काय, असे मुद्दे निघाले. तेही खोटे नव्हते. साडेसहाला आलेली मुले दहा वाजेपर्यंत ओट्यावर ओल्या कपड्यांनी बसून होती आणि आम्ही आत पंख्याखाली फोनवर बोलत होतो. सेमिनरीत असताना लेव्हिनास या ज्यू तत्त्वज्ञावर आम्ही एक निबंध लिहिला होता. दुसऱ्या माणसाचा चेहराच आपल्याला आज्ञा देतो, हे त्याचे म्हणणे. त्या निबंधाला चांगले गुण मिळाले होते. त्या रात्री आम्ही साडेतीन तास एकाही चेहऱ्याकडे नीट पाहिले नाही.

चहा नेला तो शेजारच्या एका मावशींनी. कोणी सांगितले नव्हते. रिकामे कप घेऊन त्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “फादर, त्या पोराच्या गळ्यात रोझरी हाय. आनखी कुठला दाखला पायजे तुमाला?” एवढे बोलून त्या घरी गेल्या.

शव रात्रभर चर्चच्या पोर्चमध्ये ठेवले. शनिवारी सकाळी आठला मिस्सा झाली. उत्तरेच्या भिंतीलगत, सुरूच्या झाडांखाली त्याला पुरले. मिस्सेला त्याचे चार सोबती, मावशी, सॅक्रिस्टन आणि आम्ही, एवढीच माणसे. त्या मुलांनी सादरी भाषेत एक गाणे म्हटले. आम्हांला शब्द कळले नाहीत, ‘येसू’ तेवढे कळले.

दोन कुटुंबांनी नंतर लेखी तक्रार दिली आहे की ती जागा त्यांच्या ओळीच्या टोकाला लागून आहे आणि आम्ही परिषदेचा ठराव नसताना ती दिली. तक्रार सभ्य भाषेत आहे आणि तिच्यातली दुसरी बाब खरी आहे. ठराव नव्हता. म्हणून येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या हॉलमध्ये सर्वांची सभा बोलावली आहे. उत्तरेच्या भिंतीलगतची ती सुरूखालची पट्टी कोणत्याही घराण्याची न ठेवता, ज्याची इथे ओळ नाही अशा माणसासाठी राखून ठेवावी, असा प्रस्ताव आम्ही मांडणार आहोत. विरोध असेल त्यांनी जरूर यावे आणि बोलावे. मागाहून बाजारात बोलू नये. तुमच्या जागा कमी होतील ही काळजी आम्ही क्षुल्लक मानत नाही. सिमेटरीची मोजणी करून नकाशा हॉलमध्ये लावला आहे, तो सभेआधी पाहून घ्यावा. आपल्या बंदरांत आता झारखंडची, ओडिशाची, नेपाळची माणसे वर्षातले आठ-दहा महिने राबतात. त्यांतली काही रविवारी चर्चच्या शेवटच्या खांबाजवळ उभी असतात. बाकावर जागा असली तरी उभी असतात. तुम्ही पाहिले असेल.

मृत्यूच्या नोंदवहीत त्या सकाळी आम्ही त्याच्या नावापुढे, गावाच्या रकान्यात, ‘बाहेरचा’ असे लिहिले होते. घाईत लिहिले असे म्हणता येईल, पण घाईत माणूस जे लिहितो ते त्याच्या मनातलेच असते. चर्चच्या नोंदवहीत खाडाखोड करता येत नाही. दुरुस्ती समासात लिहून तिच्याखाली तारीख व सही करावी लागते. त्याचा मोठा भाऊ २ नोव्हेंबरला, सर्व मृत भाविकांच्या स्मरणदिनी, इथे पोहोचत आहे. त्याच्याकडून गावाचे नाव नीट विचारून घेऊ आणि त्याच्यासमोर समासात लिहू. त्या संध्याकाळी सिमेटरीत कबरींना आशीर्वाद देण्याचा विधी पाच वाजता सुरू होईल. या वेळी सुरुवात उत्तरेच्या भिंतीकडून करू. मेणबत्त्या आणताना प्रत्येक घराने एक जास्त आणावी. मावशींनी फुलांचे सांगून ठेवले आहे.

तुमचे,
धर्मगुरू