वाटाड्याची बिदागी

घसा बसल्यामुळे कीर्तनाला उभे राहणे बंद झाले, त्याला आता चार वर्षे होत आली. जन्मभर उभे राहून बोललेला माणूस घरी बसला की घरच्यांनाच निरूपण ऐकवू लागतो. आमच्याकडे तो प्रसंग बहुधा नातवावर येतो. या खेपेला मात्र त्यानेच मला असे काही ऐकवले, की ते आपल्यासारख्या सज्जनांपुढे मांडल्याशिवाय चैन पडेना.

नातू पुण्याला नोकरी करतो. फेब्रुवारीत तो मित्रांबरोबर नॉर्वेतल्या ट्रॉम्सो गावी जाऊन आला. पृथ्वीच्या पार उत्तरेकडचे, समुद्रकाठचे गाव. हिवाळ्याच्या रात्री तिथल्या आकाशात हिरवा, क्वचित तांबडा-जांभळा उजेड पडद्यासारखा हलतो. त्याला नॉर्दर्न लाइट्स म्हणतात. सूर्यावरून निघालेले विद्युतभारित कण पृथ्वीपाशी येतात, पृथ्वीचे चुंबकत्व त्यांना ध्रुवांकडे वळवते, आणि शंभर किलोमीटरहून अधिक उंचीवर ते हवेतल्या प्राणवायूवर आदळले की हिरवा उजेड फुटतो. त्याच्याही पुष्कळ वर तांबडा. हे त्याने मला ताटात वरणाच्या रेघा ओढून समजावले. २०२४ च्या मे महिन्यात सूर्यावर मोठे वादळ झाले, तेव्हा आपल्या लडाखातल्या हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनीही तांबूस झाक टिपली होती, हेही त्यानेच सांगितले.

तर हा उजेड पाहायला तिकडे रात्रीच्या सहली निघतात. संध्याकाळी गाडी भरते. गाइड ढगांचे नकाशे बघत, जिकडे आभाळ मोकळे असेल तिकडे गाडी हाकतो. कधी कधी पार फिनलंडच्या हद्दीपर्यंत. अंगभर जाड कपडे तोच देतो, बर्फात शेकोटी पेटवतो, गरम सूप पाजतो, आणि मध्यरात्र उलटल्यावर परत आणून सोडतो. आमच्या नातवाच्या गाइडने निघतानाच बजावले होते, की उजेड दिसेलच असे नाही आणि न दिसल्यास पैसे परत मिळणार नाहीत. दोन रात्री ढगांत गेल्या. तिसऱ्या रात्री डोंगरावर धुरासारखा फिकट पट्टा दिसला. डोळ्यांना तो राखाडी आणि कॅमेऱ्यात हिरवा. गाइड म्हणाला, हाच तो. पोरगा हिरमुसला. घरी बसून मोबाइलवर पाहिला होता त्यात याहून जास्त रंग होता, असे त्याचे म्हणणे.

खर्चाचा आकडा ऐकून माझे डोके फिरले. मी म्हणालो, "आकाश काय त्याच्या बापाचं आहे? जे आपलं नाही ते दाखवायचे पैसे घ्यायचे, आणि दिसलं नाही तरी परत करायचे नाहीत. याला काय म्हणावं?"

पोरगा शांतपणे म्हणाला, "आबा, तुम्ही कीर्तनाला बिदागी घेत होता ना? पांडुरंग दिसला नाही म्हणून कधी कुणाला परत केली?"

त्याची आजी पाणी आणायला म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

मी उत्तर दिले नाही. देण्यासारखे नव्हतेच. हरिकथा करून द्रव्य घेण्याचा तुकोबारायांनी किती कठोर निषेध केला आहे, हे वारकऱ्यांना मी वेगळे सांगायला नको. कीर्तनाच्या गावी जेवू नये, बैलाला चारासुद्धा मागू नये, इथवर त्यांनी नियम घालून दिला. आणि आम्ही? नारळ घ्यायचो, पाकीट घ्यायचो. पुढे पुढे तर तारीख देतानाच आकडा ठरू लागला. आमच्या बाजूचा पूर्वपक्षही मला पाठ आहे. गाडीचे डिझेल, मृदंगाचार्य, दोन गायक, त्यांची घरे, त्यांच्या पोरांच्या शाळा. तो खोटा नाही. पण तो मांडताना माझा आवाज नेहमी जरा चढायचा, हे आता आठवते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नातू पुन्हा आला. म्हणाला, "आबा, चला, या खेपेला तुम्हाला नेतो. नॉर्वे नको, भंडारदऱ्याला काजवे बघू." अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात, मेअखेरीपासून पाऊस स्थिर होईपर्यंत झाडेच्या झाडे काजव्यांनी लखलखतात. शहरांतून माणसे गाड्या करकरून जातात. तिथेही गाइड, तिथेही पैसे. मी निघालो तो खरे म्हणजे भांडण जिंकायला.

वाट मात्र फार सुंदर घडली. संभाजीनगराहून निघालो, कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडली. तिथेच प्रवरा गोदेला मिळते. पुढे नेवासे. पैस खांबापाशी गेलो, डोके टेकले. शके १२१२ मध्ये माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, ती याच प्रवरेच्या काठी. मग संगमनेर, अकोले, राजूर. सगळीकडे हीच नदी सोबतीला. ती उगवते रतनगडावर, आणि पायथ्याशी रतनवाडीला अमृतेश्वराचे प्राचीन देऊळ आहे. म्हणजे संगमापासून उगमापर्यंत आम्ही दिवसभर एका नदीच्या उलट्या दिशेने चढलो. गाडीत मला सारखे आठवत होते, की ग्रंथाच्या आरंभी माउली स्वतःला काजव्याची उपमा देतात. गीतेचा अर्थ सांगायला निघालो खरा, पण सूर्यापुढे काजव्याचे ते काय, असा त्यांचा विनय. हा दृष्टांत मी पन्नास वर्षे सांगितला. काजव्यांनी भरलेले झाड मात्र उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते. आमच्या सातारा परिसरातल्या गच्चीवरून बीड बायपासचे दिवे तेवढे दिसतात.

अंधार पडल्यावर गाइड आला. महादेव कोळी समाजाचा, तिशीतला गडी, डोक्यावर प्लास्टिकचे इरले. नावे, माणसे मोजून ठरलेले पैसे घेतले. मी मुद्दाम विचारले, "दिसतीलच का?" तो म्हणाला, "बाबा, पाऊस जोरात आला तर नाही दिसायचे. किडा हाये तो, माझ्या हातात नाही." नातवाने माझ्याकडे पाहिले. मी दुसरीकडे पाहिले.

रस्त्याकडेच्या पहिल्या झाडापाशी जत्रा होती. पन्नासेक गाड्या, दिवे चालू, कुणाचे गाणे लागलेले, पोरे मोबाइलच्या उजेडात काजवे शोधत होती. काही दिसत नव्हते आणि "फसवलं" असे म्हणत होती. आमच्या माणसाने तिथे थांबूच दिले नाही. पायवाटेने पुढे नेले, एका बांधावर बसवले, बॅटरी बंद करायला लावली. नातवाच्या मनगटावरचे घड्याळ उजळायचे, तेही काढून खिशात ठेवायला सांगितले. मग नुसते बसायचे. भुरभुर पाऊस, बेडकांचा आवाज, आणि अंधार. माझ्या वयाला अर्धा तासही फार होतो. गुडघे भरून आले.

आधी एक चमकला. मग समोरच्या सादड्याच्या फांदीवर दहा-बारा. मग कसे कोण जाणे, ते झाड एकदम उजळले आणि विझले, पुन्हा उजळले आणि विझले, जणू सगळ्यांनी ताल धरला आहे. शेजारच्या हिरड्याने तोच ताल उचलला. पखवाजाची साथ आणि टाळकऱ्यांचे पाऊल एकाच वेळी पडावे तसे. उजेड होता, पण त्याला ऊब नव्हती. नातू हळूच म्हणाला की हा थंड प्रकाश, यात उष्णता जवळजवळ निघतच नाही. नराने मादीला घातलेली साद ती. थोड्या दिवसांचे आयुष्य, त्यात एवढीच हाक. मी हात जोडले. का जोडले ते सांगता येणार नाही.

नातवाने अंधारात विचारले, "आबा, तिकडे मला दर्शन झालं की नाही?"

मी त्याला पंढरीचे सांगितले. आषाढीला लाखो माणसे जातात. दर्शनबारीत दिवसरात्र उभे राहून पायांवर डोके ठेवणारे त्यांतले थोडे. कितीतरी जण नामदेव पायरीला माथा टेकतात, कळसाला हात जोडतात आणि परत फिरतात. वारी फुकट गेली असे त्यांच्यातला कुणी म्हणत नाही. "तू राखाडी पट्टा पाहिलास ना? तोच तो होता. तुझ्या मनात मोबाइलमधला रंग होता, त्याच्याशी तू ताडून पाहत बसलास." एवढे बोललो आणि वाटले, पुन्हा कीर्तन सुरू झाले आपले. गप्प बसलो.

तेवढ्यात मागून चौघे जण आले. मोठा कॅमेरा होता. त्यांनी आमच्या माणसाला बाजूला घेतले. त्यांना बांध उतरून थेट झाडाखाली जायचे होते, जवळून फोटो काढायला. पैसे देऊ म्हणाले. जो आकडा बोलले तो आमच्या सगळ्यांच्या मिळून पैशांहून जास्त होता. तो नाही म्हणाला. "खाली गवतात माद्या बसल्यात, पायाखाली जातील." त्यांनी रक्कम वाढवली. तो परत नाही म्हणाला, आणि येऊन आमच्या मागे उभा राहिला. तेव्हा लक्षात आले, की इतका वेळ तो मागेच उभा होता. आमच्या आणि झाडाच्या मधे तो एकदाही आला नव्हता.

परतीच्या वाटेवर मला त्या माणसाचा राग येईना, म्हणजे भांडण मी हरलो होतो. तो उजेडाचे पैसे घेतच नव्हता. वाट दाखवायचे, अंधारात सोबत बसायचे, दुसऱ्याचे पाय आवरायचे पैसे घेत होता. ट्रॉम्सोचा गाइडही ढगांतून गाडी हाकण्याचे आणि शेकोटीचेच घेत असणार. जे त्याचे नव्हते ते मात्र या गड्याने दुप्पट पैशालाही दिले नाही. म्हणून बिदागी घेणे निर्दोष ठरले, असा निर्वाळा मी देत नाही. तुकोबारायांचा नियम याहून कडक आहे, आणि त्या कोळ्याच्या पोराचा आडोसा घेऊन मला सुटता येणार नाही. कारण मला त्या रात्री एक गोष्ट आठवली, जी मी घरातही कधी सांगितली नव्हती.

२०१३ साल. मराठवाड्यात पाणी नव्हते, जालन्याकडे तर फारच वाईट अवस्था. तिकडच्या एका गावाचा हनुमान जयंतीचा सप्ताह. माझे काल्याचे कीर्तन तिथे चार वर्षे होत होते. तिघे जण एसटीने घरी आले. म्हणाले, "महाराज, गुरं छावणीत आहेत, पण सप्ताह मोडायचा नाही. यंदा बिदागी निम्मी घ्या." मी डायरी उघडली, पान उलटले आणि सांगितले, की ती तारीख दुसरीकडे गेली आहे. गेली नव्हती. चहा घेऊन ते उठले. त्यातल्या म्हाताऱ्याने जाताना माझ्या पायांवर डोके ठेवले. तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या पट्ट्यातल्या एका गावाला ती तारीख दिली.

आणि त्या काल्याला मी दृष्टांत कोणता सांगितला? नाथमहाराजांचा. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला न नेता त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. मंडपात बाया पदराने डोळे पुसत होत्या. पाकीट ठरल्याहून जड निघाले.

बिदागी घेतली याचे मला तितके लागत नाही, जितके हे लागते, की कुठे जायचे ते पाकिटाने ठरवले, आणि कावड खांद्यावर असताना मी तहानेल्याला वळसा घातला. पुन्हा त्याच कावडीचे वर्णन करून लोकांना रडवले. माझ्या डोळ्यांतही पाणी आले होते, आणि ते खोटे नव्हते. हेच मला उलगडत नाही. जाणत्यांनी यावर लिहावे.

घरी आल्यावर आठवडाभर फोन हातात घेत होतो आणि ठेवत होतो. शेवटी त्या गावाला लावला. ते म्हातारे बाबा वारले होते, त्यांचा मुलगा बोलला. मी सगळे सांगितले, डायरीसुद्धा. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "महाराज, येत्या सप्ताहाचा काला देऊन झालाय."

म्हटले, "मला आता आवाजच नाही. मागे टाळकऱ्यांत उभा राहिलो तर चालेल का?"

"या की," तो म्हणाला.

चैत्रात जायचे आहे. टाळांच्या दोऱ्या कुजल्या होत्या, त्या गुलमंडीवरून नव्या आणल्या. भाकरी घरून बांधून नेणार आहे. घरच्या मंडळींनी कारण विचारले नाही.