क्लच प्लेटची धूळ

सोलापूरच्या सपाट रस्त्यांवर झिजलेला क्लच बरेच महिने लपून राहतो. होटगी रोडला जा, विजापूर रोडला जा, सात रस्त्यावरून वळून स्टेशनला जा. दम काढणारा चढ असा कुठं लागतच नाही. गाडी चालत राहते आणि चालवणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. मग एखाद्या मंगळवारी घरची चार माणसं घेऊन आई भवानीच्या दर्शनाला निघावं, तामलवाडी मागं पडावी, तुळजापूरचा घाट सुरू व्हावा, आणि ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडावं, गाडीनं मात्र वेग घेऊ नये. पाठोपाठ जळकट वास येतो. मागं बसलेलं कुणीतरी विचारतं, बाहेर शेतात काही पेटवलंय का? पेटलेलं काही नसतं. आपल्याच गाडीतली एक चकती घासून घासून तापलेली असते, आणि घाट चढायला लागणारी ताकद तिच्यातच जिरत असते.

या चकतीबद्दल मला आदर वाटतो. इंजिन एकदा सुरू झालं की थांबत नाही; गाडी सिग्नलला उभी असतानाही मिनिटाला सात-आठशे फेरे चालूच असतात. चाकं मात्र थांबलेली. जे फिरतंय आणि जे थांबलंय त्यांची गाठ कुणीतरी घालून द्यावी लागते, आणि ती हळूच घालावी लागते. हे काम क्लच प्लेट करते. एका बाजूला इंजिनचं फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला प्रेशर प्लेट आणि मध्ये ही. पेडल सोडलेलं असताना स्प्रिंग तिला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते. पेडल दाबलं की पकड सुटते. पुष्कळ वर्षं गाडी चालवणाऱ्यांचाही समज नेमका उलटा असतो, की पेडल दाबलं म्हणजे क्लच लागला.

घट्ट दाबलेली असताना प्लेट झिजत नाही, कारण तेव्हा ती आणि फ्लायव्हील एकाच वेगानं फिरतात. पूर्ण सुटलेली असताना तिच्यावर दाबच नसतो. ती झिजते या दोन्हींच्या मधल्या क्षणांत, जेव्हा पकड धड लागलेली नसते आणि धड सुटलेलीही नसते. ही अवस्था टाळता येत नाही. ती नसती तर प्रत्येक वेळी गाडी हिसका देऊन बंद पडली असती, आणि तो हिसका गिअरच्या दात्यांनी आणि एक्सलनं सोसला असता. प्लेट घासली जाते म्हणून बाकीचं शाबूत राहतं. बनवणाऱ्यानं हा हिशेब आधीच करून ठेवलेला आहे. नव्या प्लेटच्या लायनिंगमध्ये रिव्हेटची डोकी जेमतेम एक ते दीड मिलिमीटर खोल बसवलेली असतात. झिजायला मिळणारा थर एका बाजूला तेवढाच. त्या थरावर कुणाची गाडी 40 हजार किलोमीटर चालते, कुणाची लाखाच्या पुढं जाते.

हा फरक मुख्यतः आपल्या डाव्या पायाचा असतो. गाडी हलवण्यासाठी जी झीज होते ती कामाची झीज. पण चालत्या गाडीत पाय सवयीनं पेडलवर टेकलेला असतो, तेव्हाची झीज कुणाच्याच कामाची नसते. पुलाच्या चढावर रांग लागते, हँडब्रेक ओढायचा कंटाळा येतो आणि माणूस क्लच अर्धा सोडून गाडी तोलून धरतो. पाच मिनिटं जागा न सोडता प्लेट घासत राहते. गाळपाच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागं तासभर रांगत जावं लागतं, तेव्हाही हेच. रांगायला पहिला गिअर दिलेला आहे. तो टाकून पाय बाजूला घ्यावा, पुढं थोडी जागा होऊ द्यावी आणि मग जावं. पण आपल्याला जागा होऊ देणं जमत नाही, कारण तेवढ्यात शेजारचा मोटारसायकलवाला घुसतो. घुसू द्यावा. त्यानं आपलं काही जात नाही.

क्लच घसरतोय का हे ओळखायला घाटाची वाट बघायला नको. मोकळ्या जागी हँडब्रेक पक्का ओढावा, चौथा गिअर टाकावा, थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच सावकाश सोडावा. इंजिन बंद पडलं तर पकड शाबूत आहे. चालूच राहिलं तर पेडल लगेच दाबून परीक्षा संपवावी आणि गॅरेज गाठावं. केबलच्या क्लचमध्ये आणखी एक गोष्ट होते. प्लेट झिजत जाते तशी पेडलची मोकळी चाल कमी होत जाते. ती संपली की पाय नसतानाही पेडल किंचित दाबल्यासारखंच राहतं, आणि उरलेली प्लेट फार लवकर जाते. वेळेवर केबल सैल केली तर काही हजार किलोमीटर वाचतात. एवढ्या साध्या कामासाठी कुणी थांबत नाही, याचं मला वाईट वाटतं.

शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या शेडांना लागून जी छोटी गॅरेजं आहेत, तिथं क्लचचं काम होताना मी उभं राहून पाहिलं आहे. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा सेट खोक्यात घालून आणला तर एका हातात मावतो. तो बसवण्यासाठी बॅटरी निघते, गिअर ऑइल खाली येतं, पुढची चाकं आणि दोन्ही एक्सल निघतात, इंजिनला खालून जॅकचा टेकू लागतो, माउंटिंगचे बोल्ट सुटतात आणि मग तीसेक किलोचा गिअरबॉक्स छातीवर तोलत बाहेर ओढावा लागतो. लिफ्ट असलेली गॅरेजं थोडी. बाकीचे घोड्या लावून गाडीखाली पाठीवर झोपतात. मे महिन्यात, 43-44 अंशांच्या उन्हात, पत्र्याखाली.

असाच एकदा एक गिऱ्हाईक मजुरीवरून वाद घालत होता. सामान एवढ्याचं, मग मजुरी एवढी कशी? मिस्त्री गाडीखालूनच बोलला, “सामान दुकानात मिळतंय मालक. तिथवर जायचंच काम हाय.”

मला ते वाक्य फार खरं वाटलं. म्हणूनच एकदा तिथवर पोहोचल्यावर घाई करू नये. चांगला मिस्त्री जुनी प्लेट हातात घेऊन आधी वाचतो. लायनिंग सगळीकडं सारखं झिजलंय की एकाच बाजूनं? तेलाचे डाग आहेत का? असतील तर क्रँकशाफ्टचा मागचा ऑइल सील गळतोय, आणि तो न बदलता नवी प्लेट टाकली तर तीही तशीच जाणार. फ्लायव्हीलवर निळे चट्टे पडलेत का, बारीक चिरा आहेत का? थोडं असेल तर लेथवर फेस मारून येतं, जास्त असेल तर फ्लायव्हील बदलावं लागतं. त्या दिवशी वाद घालणारा गिऱ्हाईक म्हणाला, नुसती प्लेट टाका, बेअरिंग चालतंय. मिस्त्रीनं बेअरिंग कानाजवळ नेऊन बोटानं फिरवलं आणि त्याच्या हातात दिलं. खरखर त्यालाही ऐकू आली. मग तो काही बोलला नाही.

बसवतानाही दोन गोष्टी नजरेत ठेवण्यासारख्या असतात. प्लेट बरोबर मध्यावर यावी म्हणून जुन्या शाफ्टचा तुकडा घालून तिला धरतात, आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जातात. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला तर तिची बैठक वाकडी होते. शाफ्टच्या खाचांना ग्रीस अगदी पुसल्यासारखं लावायचं; ते उडून लायनिंगवर गेलं तर सगळी मेहनत वाया.

मी ज्यासाठी हे लिहायला बसलो, ते मात्र याच्या आधी, गिअरबॉक्स वेगळा होतो त्या क्षणी घडतं. घंटेच्या आकाराच्या त्या कवचात इतक्या वर्षांची झीज काळ्या पुडीच्या रूपानं साठलेली असते. मिस्त्रीच्या हाताखालचं पोरगं कॉम्प्रेसरचा पाइप आणतं आणि जोरात हवा मारतं. काळा लोट उठतो, पोरगं डोळे मिटतं, पण श्वास थोडाच मिटता येतो? मिनिटभरात सगळं चकाचक. धूळ गेलेली नसते. ती पोराच्या अंगावर, मिस्त्रीच्या मिशीवर आणि दोघांच्या छातीत गेलेली असते.

ही धूळ कशाची, हे कापडाच्या गावानं तरी नीट समजून घ्यायला हवं. घर्षणाचं लायनिंग हे मुळात सुताचंच काम आहे. हर्बर्ट फ्रूड नावाच्या इंग्रज गृहस्थानं 1897 साली गाड्यांच्या ब्रेकसाठी घर्षणाचे पदार्थ बनवायला सुरुवात केली, तेव्हा डांबरासारखे पदार्थ पाजलेले विणलेले सुती पट्टे वापरात आले. सूत फार तापलं की जळतं. म्हणून पुढं ॲस्बेस्टॉस आलं. दगडातून निघणारा तंतू, सुतासारखा कातता येतो, विणता येतो आणि जळत नाही. आजच्या चांगल्या प्लेटवरचं लायनिंगही काचतंतू, अरॅमिड, तांब्याची तार असे धागे राळेत भिजवून, गोल गुंडाळून, दाबून, भाजून केलेलं असतं. 1877 सालच्या जुन्या मिलपासून ज्या गावानं सूत ओळखलं, आणि देशात मोटारी बनाव्यात म्हणून 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढणारे वालचंद हिराचंद ज्या गावात 1882 साली जन्मले, त्या गावात सूत आणि मोटार या चकतीवर एकत्र येतात.

ॲस्बेस्टॉसचा धोका जगाला फार उशिरा कळला. त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू फुफ्फुसात रुतून बसतात आणि रोग वीस-तीस-चाळीस वर्षांनी वर येतो. युरोपीय संघानं 2005 पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडं सर्वोच्च न्यायालयानं 1995 साली ॲस्बेस्टॉसच्या कामगारांविषयी निकाल दिला. कामगाराच्या आरोग्याची नोंद कामावर लागल्यापासून किमान 40 वर्षं किंवा काम सुटल्यानंतर 15 वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोपर्यंत जपून ठेवा, असं त्यात सांगितलं आहे. या आकड्यांवरूनच रोग किती सावकाश येतो ते कळावं. पण तो आदेश कारखान्यांसाठी. रस्त्याकडेच्या गॅरेजातल्या पोराच्या आरोग्याची नोंद कोण ठेवणार? देशात ॲस्बेस्टॉसच्या वापरावर सरसकट बंदी नाही. नावाजलेल्या कंपन्यांच्या प्लेट आता त्याच्याविना येतात, पण जुन्या गाडीतून निघालेल्या किंवा खोक्यावर काहीच न लिहिलेल्या प्लेटमध्ये काय आहे हे नुसत्या नजरेनं ओळखता येत नाही. आणि ॲस्बेस्टॉस नसलं तरी काचतंतूंची आणि तांब्याची बारीक पूड ही काही छातीत भरून घेण्याची वस्तू नाही.

कापसाच्या धुळीचं दुखणं सोलापूरला नवं नाही. गिरण्यांत काम केलेल्यांची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळल्यासारखी व्हायची, आणि काही वर्षांनी ती रोजच आवळलेली राहायची. डॉक्टरांनी त्याला बिसिनोसिस म्हटलं. घरच्यांनी नुसता दमा म्हटलं आणि सोडून दिलं. झिजून कुणाचं तरी काम पार पाडावं ही अपेक्षा चकतीकडून ठेवता येते, कारण तिचा सेट दुकानात मिळतो. माणसाकडून ती अपेक्षा ठेवणं हा अन्याय आहे, मग तो मागावर उभा असो की गाडीखाली झोपलेला.

उपाय अवघड नाही, महागही नाही. हवा मारायची नाही. कवचावर आणि फ्लायव्हीलवर पाण्याचा हलका फवारा मारून धूळ बसू द्यायची, ओल्या फडक्यानं पुसायची, ते फडकं पिशवीत बंद करून टाकून द्यायचं. फ्लायव्हील कोरडं करून ब्रेक क्लीनरनं शेवटचा हात मारला की काम झालं. तोंडावर साध्या रुमालाऐवजी चांगला मास्क असावा. एवढ्यासाठी दहा मिनिटं जास्त लागतात. पण मजुरीत घासाघीस झालेली असली आणि संध्याकाळी सहाला गाडी हवीच असा तगादा असला, की सगळ्यात आधी हीच दहा मिनिटं कापली जातात. म्हणून ही जबाबदारी एकट्या मिस्त्रीची नाही, गाडी देणाऱ्याचीही आहे.

तुमच्या गाडीचा क्लच निघेल त्या दिवशी मजुरी सांगितली तेवढी द्या, गाडी दुसऱ्या दिवशी घ्या. आणि गिअरबॉक्स खाली येण्याआधी त्या पोराच्या हातातला हवेचा पाइप बाजूला ठेवायला सांगा. ओलं फडकं गॅरेजात नसेल तर आपल्या डिकीतलं द्या.