तेलाची पातळी आणि नियमाचा हेतु

नियम पाळावा कीं नियमाचा हेतु पाळावा, हा नीतिशास्त्रांतला जुना प्रश्न आहे. त्याची चर्चा बहुधा मोठमोठ्या उदाहरणांवर होते : सत्य बोलल्यानें निरपराध माणसाचा जीव जात असेल तर काय करावें, राजाज्ञा अन्यायाची असेल तर ती मोडावी कीं नाहीं, इत्यादि. असे प्रसंग सामान्य गृहस्थाच्या वांट्यास आयुष्यांत एकदांहि येत नाहींत. म्हणून ही चर्चा ऐकतांना आपणांस तिची झळ लागत नाहीं. आज मीं मुद्दाम एक क्षुद्र व तेलकट उदाहरण घेतलें आहे. मोटारीच्या गिअरबॉक्समध्यें व डिफरन्शिअलमध्यें तेल किती असावें, तें कसें तपासावें आणि कमी पडल्यास कसें भरावें, हें तें उदाहरण होय. आणि मोटारहि कारखान्यांतून तयार आलेली नव्हे, तर मालकानें सुटे भाग आणून स्वतः जोडलेली.

अशा गाडीस इंग्लंडांत 'किट कार' म्हणतात. १९५७ सालीं कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीनें 'सेव्हन' नांवाची हलकी, उघडी गाडी काढली व ती सुट्या भागांच्या रूपानेंहि विकली. यामागचें कारण मुळींच काव्यमय नव्हतें : तयार गाडीवर त्या वेळीं जो खरेदी-कर बसे, तो सुट्या भागांवर बसत नसे. १९७३ सालीं तो कर जाऊन मूल्यवर्धित कर आला, आणि त्याच वर्षीं 'सेव्हन' बनविण्याचे हक्क केटरहॅम यांजकडे गेले. पण हौस करापेक्षां चिवट निघाली. पुढें अनेक लहान कंपन्या केवळ सांगाडा व बाहेरचें अंग पुरवूं लागल्या, आणि इंजिन, गिअरबॉक्स, मागचा आंस हे अवयव जुन्या एस्कॉर्ट किंवा सिएरा गाडींतून काढून घ्यावयाचे अशी रीत पडली. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम कारखानदाराच्या मूळ तपशिलांत सहसा फेरफार करूं देत नाहीं, तेव्हां या छंदास येथें फारशी जागा नाहीं. मला त्याची ओळख झाली ती इंग्लंडांत स्थायिक झालेल्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळें. त्यानें सिएराच्या अवयवांवर अशी एक गाडी उभी केली आहे.

आपल्या बैलगाडीचा आंस कोरडा पडला कीं तो रडूं लागतो, आणि पेंगणारा गाडीवानहि उठून वंगण घालतो. मोटारीच्या इंजिनास निदान तेल मोजण्याची पट्टी असते, तेल उतरलें तर समोर तांबडा दिवा लागतो. परंतु गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल हीं दोन मुकीं जनावरें आहेत. वळणावर बाहेरच्या चाकास जास्त अंतर कापावें लागतें, म्हणून मागच्या दोन चाकांस निरनिराळ्या वेगानें फिरूं देणारी यंत्रणा डिफरन्शिअलच्या पेटींत असते. तिच्यांतील पिनियनचा आंस पुष्कळ गाड्यांत क्राऊनच्या मध्यरेषेच्या खालीं ठेवलेला असतो. त्यामुळें दांते एकमेकांवर नुसते लोळत नाहींत, तर घासत सरकतात. तेथला दाब इतका कीं साधें तेल टिकाव धरीत नाहीं. गंधक व फॉस्फरस यांचीं संयुगें मिसळलेलें तेल लागतें. आणि गंमत अशी कीं, जें तेल या पेटीस संजीवनी, तेंच कित्येकदां गिअरबॉक्समधील पितळी कड्यांस बाधतें. या पेट्यांतून घरघर ऐकूं येऊं लागते तेव्हां दांते अगोदरच झिजलेले असतात. बेअरिंग जाम झालें तर धांवत्या गाडीचीं मागचीं चाकें एकाएकीं अडकतात. आणि शेजारीं बसलेल्या माणसानें तर त्या पेटीचें नांवहि ऐकलेलें नसतें.

तपासण्याचा नियम सोपा आहे. गाडी सपाट जागीं उभी करावी. पेटीच्या कुशींत एक भोंक असतें, त्याचें बूच काढावें. तेल भोंकाच्या खालच्या कडेपर्यंत असलें म्हणजे पुरे. कमी असल्यास ओतावें, आणि जास्त झालेलें ठिबकून थांबलें कीं बूच लावावें. सगळें तेल बदलावयाचें असेल तर मुरलेले मिस्त्री आणखी एक सांगतात : खालचें निचऱ्याचें बूच उघडण्यापूर्वीं वरचें भरण्याचें बूच उघडतें कीं नाहीं तें पाहा. नाहीं तर पेटी रिकामी व्हावयाची आणि भरण्याचा मार्ग गंजून बंद!

कारखान्याच्या गाडींत हा नियम डोळे मिटून पाळला तरी चालतें. कारण तें भोंक कोठें पाडावें याचा विचार दुसऱ्या कोणीं आधींच केलेला असतो. जोडलेल्या गाडीची गोष्ट निराळी. सिएराच्या पोटांत जी गिअरबॉक्स ठराविक कलानें बसत होती, तिचा कल ठेंगण्या सांगाड्यांत पुष्कळदां बदलतो. समजा, तिचें पुढचें टोंक मूळच्यापेक्षां वर आलें आणि भोंक मागच्या अंगास आहे. मग तेल मागें जमतें, थोड्याच तेलांत भोंकाची कड भिजते, आणि पुढच्या दांत्यांस व बेअरिंगांस तेल कमी पडतें. भोंक तेंच, बूच तेंच, पुस्तकांतलें वाक्यहि तेंच. परंतु वाक्याचा अर्थ मात्र उडून गेला! अशा वेळीं एकतर रिकाम्या पेटींत मूळ कारखानदारानें सांगितलेलें माप मोजून ओतावें व तें या गाडींत कोठवर येतें याची खूण करून ठेवावी; नाहीं तर गाडी जॅक व स्टँड लावून अशी उचलावी कीं पेटीस तिचा मूळचा कल परत यावा, आणि मग भोंकांत बोट घालावें. शिवाय इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र जोडून सांगाड्यांत तिरपीं उतरवितांना शेपटीच्या उघड्या टोंकांतून तेल वाहून जातें. तेव्हां 'मीं पूर्वीं भरलें होतें' ही आठवण कांहीं पुरावा नव्हे.

अॅरिस्टॉटलनें न्यायाचें विवेचन करितांना लेस्बॉस बेटांतील गवंड्यांच्या शिशाच्या पट्टीचा दाखला दिला आहे. ती दगडाच्या आकाराप्रमाणें वांकते. तसा निर्णयहि वस्तुस्थितीप्रमाणें वांकावा, असें त्याचें म्हणणें. आमच्या मीमांसकांनीं हाच प्रश्न उखळापाशीं बसून सोडविला. यज्ञासाठीं साळी कांडाव्या असा विधि आहे, पण कोठवर? तर कोंडा निघेपर्यंत, कारण या कांडण्याचें प्रयोजन डोळ्यांस दिसतें. तेलाच्या भोंकाचा नियम याच, दृष्टार्थ जातीचा आहे. मात्र कोंडा निघाल्याशीं काम, मग तो नखांनीं सोलला म्हणून काय झालें, असें मीमांसक म्हणूं देत नाहींत. कांडलेंच पाहिजे.

त्यांचा हा हट्ट मला फार मोलाचा वाटतो. कारण हेतूच्या नांवाखालीं आळसहि सुखानें राहतो. माझ्या या विद्यार्थ्याच्या गाडींत तें भोंक दोन आसनांमधील बोगद्यांत आहे; तेथें हात पोंचविण्यास आसन सोडवावें लागतें. 'गिअरचें तेल इंजिनाच्या तेलाप्रमाणें जळत नाहीं, मग दरवर्षीं पाहण्याचा हेतु तरी काय?' असें त्यानें मला विचारलें. युक्तिवाद तर्कशुद्ध आहे, पण तो नेमका आसन सोडविण्याच्या वेळींच सुचला! गाडी जॅकवर चढवून मूळ कल साधणारा मनुष्यहि अक्षर सोडून हेतूकडेच जातो. पण त्याचे कष्ट वाढतात, याचे वांचतात. हेतूचा आधार घेतल्यावर आपलें काम वाढलें कीं घटलें, एवढें पाहिलें तरी पुष्कळसा उलगडा होतो. ही कसोटी निर्दोष आहे असें माझें म्हणणें नाहीं. भीतीनें कडेच्या वर तेल चढविणाराहि कष्ट घेतोच. त्याच्या पेटींत फेंस होतो, उष्णता वाढते, आणि तेल सीलमधून वाट काढतें.

तेल जळत नाहीं, हें त्याचें म्हणणें खरें आहे. पण त्यांतून निघणारा निष्कर्ष त्यानें काढला त्याच्या उलट आहे. जें जळत नाहीं तें कमी झालें असेल, तर तें कोठें तरी गळलें आहे. मागच्या सबंध आंसाच्या गाडींत तें कडेचें सील ओलांडून ब्रेकच्या अस्तरावर जाऊं शकतें. म्हणजे इकडे दांते कोरडे आणि तिकडे ब्रेक ओले! अशा वेळीं पावशेर तेल ओतून बूच लावणारा गृहस्थ पातळीचा नियम अक्षरशः पाळतो. आमच्या घरांतून आणि संस्थांतून तूट कोठून येते हें न विचारतां ती भरून काढण्याची जी चाल आहे, ती मला येथें आठवते, असो.

इंग्लंडांत अशी गाडी रस्त्यावर येण्यापूर्वीं तिची सरकारी परीक्षा होते. १९९८ पासून एक पद्धत होती, २००९ पासून दुसरी आली. दिवे, ब्रेक, पट्टे, अंगास लागणाऱ्या धारदार कडा हें सर्व परीक्षक पाहतो. वर्षानुवर्षें पातळी राखणें मालकाकडेच उरतें, आणि मालक बदलतो. जोडणाऱ्यास पेटीचा कल ठाऊक असतो, कारण त्याच्याच हातांनीं ती बसविलेली असते. विकत घेणारा सिएराचें पुस्तक आणतो, चित्रांतलें भोंक शोधतो, आणि तेल कडेला लागलेलें पाहून निश्चिंत होतो. विद्यार्थ्यास मीं एवढेंच लिहिलें कीं, आसन एकदां सोडव, माप मोजून भर, आणि किती भरलें, कोणत्या जातीचें भरलें, तें कडेच्या किती खालीं किंवा वर आलें, हें गाडीच्या कागदांबरोबर ठेवावयाच्या वहींत लिही. ती माहिती दुसऱ्या कोणत्याच पुस्तकांत सांपडणार नाहीं.