उगारलेला हात आणि पाहणारे डोळे



दिवाळी आटोपली कीं बीड, जालना व अहिल्यानगर ह्या जिल्ह्यांतील पुष्कळ गांवें ओस पडूं लागतात. ट्रक व ट्रॅक्टर भरभरून माणसें साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी पुणें-सोलापूरकडे, कोणी थेट कर्नाटकांत. आपल्या मंडळ्यांतूनहि अनेक कुटुंबें जातात, आणि रविवारीं मंदिरांत मागें राहिलेलीं वृद्ध माणसें व त्यांच्या स्वाधीन केलेलीं मुलें तेवढीं दिसतात. फडावर नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून मोजण्याची रीत आहे. माणसास त्याच्या हत्याराच्या नांवानें मोजण्याची संवय जेथें पडली आहे, तेथें त्यास हत्याराप्रमाणें वागविण्याचा मोहहि दूर नसतो. त्याविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

कामाच्या जागीं मारहाण झाली म्हणजे आपण विचारतों, “मारलें कोणीं?” हा प्रश्न न्यायाधीशाचा आहे, आणि तो विचारलाच पाहिजे. परंतु मार बसूंच नये अशी ज्याची इच्छा आहे, त्यास दुसरा एक प्रश्न आधीं विचारावा लागतो: हात वर जाण्यापूर्वीं काय काय होऊन गेलें होतें, आणि तें कोणाकोणास दिसत होतें? पहिल्या प्रश्नाचें उत्तर एका माणसाचें नांव घेऊन संपतें. दुसऱ्याचें उत्तर देऊं लागलें असतां आपणांपैकीं बहुतेकांचीं नांवें त्यांत येतात. माझें तर येतेंच.

कांहीं वर्षांपूर्वीं हिवाळ्यांत मी आपल्या लोकांच्या भेटीस एका फडावर गेलों होतों. गांवाचें किंवा कारखान्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. तोडणी पहांटेच्या अंधारापासून चालली होती. दिवस उजाडल्यावर एक तरुण उशिरां आला. त्याचें मूल रात्रभर तापानें फणफणत होतें. मुकादमानें कारण विचारलें नाहीं. त्यानें त्याच्या दोन थोबाडींत लगावल्या, आणि पाठीमागून येणाऱ्या त्याच्या बायकोस उद्देशून जो शब्द उच्चारला तो ह्या पत्रांत छापतां येणार नाहीं. वीस-बावीस माणसें तेथें होतीं. कोणीं मान वर केली नाहीं. ऊस तुटण्याचा आवाज मात्र थोडा वाढला. मीहि बोललों नाहीं. घटकाभरानें मुकादमानें मला खाटेवर बसवून चहा दिला, आणि मी तो प्यालों.

तो मुकादम आपल्याच एका मंडळीचा सभासद होता. तो म्हणाला, “पाळकसाहेब, तुम्हांला वाईट वाटलं असेल. पण दोन ठेवून दिल्याशिवाय टोळी चालत नाही. माझे पैसे गुंतलेत.”

सायंकाळीं तो तरुण मला सडकेपर्यंत पोहोंचविण्यास आला. त्याचें सांत्वन करण्यास मी शब्द शोधीत होतों, इतक्यांत तोच म्हणाला, “साहेब, तुम्ही होता म्हणून दोनच बसल्या.”

हें त्यानें आभार मानून म्हटलें. माझ्या नुसत्या असण्यानें जर मार कमी झाला, तर माझ्या बोलण्यानें तो थांबला नसता काय? हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मागें लागला आहे.

आतां मुकादमाचें म्हणणें न्यायानें तपासून पाहूं. त्याचे पैसे गुंतलेले असतात हें खोटें नव्हे. हंगामापूर्वीं तो वाहतूक ठेकेदाराकडून रक्कम घेतो व तीच उचल म्हणून मजुरांस वाटतो. मजूर पळाला तर ठेकेदार मुकादमास धरतो. म्हणजे मुकादमाच्या मानेवरहि एक हात आहे, आणि त्या हाताच्या वर आणखी दुसरा. दडपण अशा रीतीनें पायरी पायरीनें खालीं उतरत येतें व शेवटच्या पायरीवर त्याची थप्पड होते. त्या पायरीवरील पुरुष घरीं, म्हणजे आपल्या कोपींत, गेल्यावर पुष्कळदां तीच थप्पड बायकोस पोहोंचती करितो. हें समजून घेतलें पाहिजे; परंतु समजणें म्हणजे क्षमा नव्हे. वरच्यानें मला दाबलें म्हणून खालच्यास दाबण्याचा हक्क मला प्राप्त होत नाहीं.

शिवाय उचलीनें विकत मिळतें तें काय? मजुराचें श्रम. त्याचें शरीर नव्हे, त्याच्या बायकोची अब्रू तर नव्हेच नव्हे. कर्ज बुडाल्यास तें वसूल करण्यास कोर्ट आहे. थप्पड मारल्यानें कर्जांतील एक रुपयाहि फिटत नाहीं. मग ती कशासाठीं मारली जाते? पाहणाऱ्या वीस जणांसाठीं. येथें धनी कोण आहे हें त्यांस कळावें, एवढाच तिचा उपयोग. म्हणून ती कर्जाची वसुली नव्हे, तर दास्याची शिकवण आहे. ह्या देशांत 1976 सालीं वेठबिगारी नष्ट करणारा कायदा झाला. कर्जाच्या बळावर माणसास कामाशीं बांधून ठेवणें हा त्या कायद्यानें गुन्हा ठरतो, आणि असलें कर्ज फेडण्याची जबाबदारीहि संपुष्टांत येते. ही गोष्ट आपल्या किती उपदेशकांनीं आपल्या लोकांस सांगितली आहे?

दुसरी गोष्ट, हात कधींहि पहिला येत नाहीं. त्याच्या आधीं शब्द येतो. नांवाऐवजीं ‘ए’ म्हणून हांक येते, मग जातीवरून टोमणा, मग आई-बहिणीवरून शिवी, मग धमकी, मग धक्का. प्रत्येक पायरीवर आजूबाजूचे लोक हसतात किंवा खालीं पाहतात, आणि त्यांचें तें हसणें किंवा खालीं पाहणें हीच पुढच्या पायरीची परवानगी होते. आग कोठें विझवावी? गंजीस लागल्यावर कीं काडीस असतांना? ज्या टोळींत शिवीस कोणी तरी हटकतो, तेथें हात सहसा वर जात नाहीं.

स्त्रियांचा प्रश्न तर याहून कठीण आहे. पहांटे अंधारांत त्या ऊस तोडूं लागतात, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरतात, कोपीस दार नसतें, आणि आडोशासाठीं उसाशिवाय दुसरी जागा नसते. तेथें कोणी हात धरला, तर सांगावें कोणास? नवऱ्यास सांगितलें तर भांडण व खून पडण्याची भीति. मुकादमास सांगावें तर कदाचित् तोच अपराधी. म्हणून ती गप्प बसते, आणि लोक म्हणतात कीं आमच्या टोळींत असें कांहीं घडत नाहीं.

वाचकांस भंवरीदेवी हें नांव ठाऊक असावें. राजस्थानांत सरकारच्या महिला विकास कार्यक्रमांत त्या गांवपातळीवर काम करीत. एक बालविवाह थांबविण्याचा त्यांनीं प्रयत्न केला, आणि 1992 सालीं त्यांवर सामूहिक अत्याचार झाला. तें त्यांच्या कामामुळेंच झालें. त्यांतून उभ्या राहिलेल्या ‘विशाखा’ ह्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें 1997 सालीं कामाच्या ठिकाणीं स्त्रियांच्या रक्षणाचे नियम घालून दिले, व 2013 सालीं त्याविषयींचा कायदा झाला. ह्या कायद्याप्रमाणें दहा किंवा अधिक माणसें जेथें कामास असतील तेथें मालकानें तक्रार समिति नेमली पाहिजे. त्याहून लहान जागेसाठीं, अथवा तक्रार मालकाविरुद्धच असल्यास, प्रत्येक जिल्ह्यांत स्थानिक समिति असावयाची आहे, आणि तालुक्यांत तक्रार स्वीकारणारा अधिकारी असावयाचा आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आंत लेखी करावयाची असते. जिला लिहितां येत नाहीं तिला लिहिण्यास मदत करणें हें समितीचें कर्तव्य आहे. उपदेशक बंधूंनो, आपण लोकांचीं पत्रें व अर्ज लिहून देतां. हा अर्जहि आपणांस लिहितां आला पाहिजे.

पुढें 2019 सालीं जिनीव्हा येथें आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें कामाच्या जगांतील हिंसा व छळ ह्यांविषयीं 190 क्रमांकाचा करार संमत केला. त्यांत एकदांच घडलेलें कृत्यहि हिंसा मानिलें आहे, धमकीहि हिंसा मानिली आहे, आणि कामाची जागा म्हणजे केवळ कामाचें स्थळ नव्हे, तर कामावर जाण्यायेण्याची वाट व मालकानें दिलेलें राहण्याचें ठिकाणहि होय, असें म्हटलें आहे. ह्या दृष्टीनें पाहतां मजुरांनीं भरलेला ट्रक आणि मालकानें दिलेल्या जागेवरील कोपी हींहि कामाचींच ठिकाणें होत.

परंतु जगास हें 2019 सालीं सुचलें असें आपणांस म्हणतां येणार नाहीं. रूथचें पुस्तक आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परदेशी, गरीब व विधवा अशी एक स्त्री सरवा वेंचण्यास शेतांत येते. तिच्यावर कांहीं अत्याचार होण्याची वाट बवाज पाहत नाहीं. तो आधींच आपल्या गड्यांस ताकीद देतो कीं तिला त्रास देऊं नये. कापणी करणाऱ्या स्त्रियांबरोबर राहण्यास तो तिला सांगतो, आणि तहान लागली तर पाणी कोठें प्यावें हेंहि दाखवून देतो. लक्षांत घ्या: तिनें सांभाळून राहावें एवढेंच सांगून तो थांबला नाहीं, ताकीद त्यानें पुरुषांस दिली. आणि पाण्याची सोय केली, म्हणजे एकटीनें दूर जाण्याचा प्रसंगच टाळला. ताकीद, सोबत व सोय ह्या तीन गोष्टी त्या शेताच्या धन्यानें केल्या. आजच्या मुकादमास त्यांतील कोणती अशक्य आहे?

उलट पक्षीं मोशेची गोष्ट पाहा. इब्री मजुरास मारणाऱ्या मिसऱ्यास त्यानें इकडेतिकडे पाहून ठार केलें व वाळूंत पुरलें. राग योग्य होता. पण दुसऱ्या दिवशीं दोन इब्रीच एकमेकांशीं मारामारी करीत होते, आणि मोशे त्यांस समजावूं लागला तेव्हां त्याचें कोणीं ऐकलें नाहीं. हातानें हात थांबविला तर मार केवळ दुसऱ्याकडे जातो, आणि थांबविणाऱ्याचा बोलण्याचा अधिकारहि जातो. ज्या फडांत प्रत्येकाच्या हातीं धारेचें हत्यार आहे, तेथें हें विशेष ध्यानांत ठेवावें.

कोणी म्हणेल, “हें सर्व खरें, पण आम्ही बोललों तर पुढल्या वर्षीं आम्हांस उचल कोण देईल?” ही शंका खरी आहे. ज्याच्या पोटास चिमटा बसत नाहीं अशानें तिला भित्रेपणा म्हणूं नये. मी तर नाहींच म्हणणार. एकट्या मजुरानें एकट्या मुकादमापुढें बोलावें असा उपदेश करणें सोपें, पण निर्दयपणाचें आहे. म्हणून बोलणें फडावर नव्हे, निघण्यापूर्वीं गांवांतच झालें पाहिजे, आणि तें सर्वांनीं मिळून केलें पाहिजे. दसऱ्याच्या सुमारास टोळीनें मुकादमासह एकत्र बसावें. प्रत्येक कोयत्याची उचल किती, हें दोन प्रतींत लिहून एक मजुरापाशीं ठेवावी. आजारपणाचा खाडा पडल्यास काय कापावें हें ठरवावें, म्हणजे हातानें कापण्याची वेळ येत नाहीं. अंगावर हात नाहीं व बाईमाणसास शिवी नाहीं, हें सर्वांसमक्ष म्हणवून घ्यावें. स्त्रियांनीं दोघी-तिघींनीं मिळून बाहेर जावें, व टोळींतील एक वडीलधारी बाई सर्वांचें ऐकणारी म्हणून नेमावी. आज बहुतेक कोपींत मोबाईल आहे; संकटीं 112 ह्या क्रमांकावर पोलिसांस हांक मारतां येते, हें मुलांसहि पाठ करवावें.

आणि बोट केवळ फडाकडे दाखवून आपण मोकळे होऊं नये. आपल्या शाळा, दवाखाने व वसतिगृहें येथेंहि शिपाई आहेत, आया आहेत, स्वयंपाकिणी आहेत. त्यांस आपण कोणत्या नांवानें हांक मारतों? रोग्याचे नातलग परिचारिकेच्या अंगावर धांवून जातात, तेव्हां तिच्यापुढें कोण उभा राहतो? प्रत्येक मंडळीनें हा प्रश्न आपल्या संस्थेच्या दारांतच विचारावा.

शेवटीं त्या फडाविषयीं. पुढल्या दसऱ्यापूर्वीं मी त्या तरुणाच्या घरीं गेलों व त्या दिवशींच्या मौनाबद्दल त्याची क्षमा मागितली. तो संकोचून हसला, म्हणाला, “जाऊं द्या, साहेब,” आणि त्याची बायको कांहींच बोलली नाहीं. नंतर मी मुकादमाकडे गेलों. तो रागावला, दोन महिने मंदिरांत आला नाहीं. माझ्या सर्व विनंत्यांपैकीं त्यानें एकच मान्य केली: उचलीचा हिशेब लिहून देण्याची. बाकीच्या गोष्टींस तो पाहूं म्हणाला. हा मोठा विजय नव्हे. परंतु त्या हंगामांत मी फडावर पुन्हां गेलों, तेव्हां चहा घेण्यापूर्वीं मीं सर्वांसमक्ष त्यास विचारलें, “यंदा कोणावर हात पडला काय?” त्यानें टोळीकडे पाहिलें, टोळीनें त्याच्याकडे पाहिलें. ह्या खेपेस कोणीं मान खालीं घातली नाहीं.

बंधुभगिनींनो, फडावर, शाळेंत, दवाखान्यांत, जेथें जेथें आपण जातों तेथें हा प्रश्न विचारीत जाऊं. तो विचारण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं.